शिफारशीचे कमिशन : 'ॲफिलिएट मार्केटिंग'ची तोंडओळख



हल्ली गावोगावी आपल्या मुलामुलींच्या तोंडी एक नवा शब्द आहे, 'ॲफिलिएट मार्केटिंग'. "घरबसल्या मोबाईलवर महिन्याला पन्नास हजार" अशा जाहिराती रोज येतात. कोणी म्हणतो, ही सगळी फसवणूक. कोणी म्हणतो, पुढचं आयुष्य यातच आहे. दोन्ही बोलणी अर्धवट आहेत. हा धंदा खरा आहे आणि चांगला पंचवीस-तीस वर्षांचा जुना आहे. पण त्याच्या नावाखाली भलतेच धंदेही चालतात. उसाच्या बिलाची रक्कम अशा भलत्या ठिकाणी जाऊ नये, आणि ज्याच्या अंगी खरोखर गुण आहे त्याची वाटही कोणी अडवू नये, एवढ्यासाठी हा पाठ.

१. धंदा म्हणजे नेमके काय?

गावात एखाद्याला फवारणी पंप घ्यायचा असतो. तो तुम्हाला विचारतो, "कुठला घेऊ?" तुम्ही स्वतः वापरलेला पंप सांगता, तालुक्याच्या दुकानाचे नाव देता. तो जातो, पंप आणतो. दुकानदार पुढच्या खेपेस तुम्हाला फार तर चहा पाजतो. ॲफिलिएट मार्केटिंगमध्ये त्या चहाऐवजी ठरलेले कमिशन मिळते, एवढाच फरक.

पण दुकानदाराला कळते कसे, की हे गिऱ्हाईक तुम्हीच पाठवले? आपली ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर उभी राहते तेव्हा स्लिपवरच्या खातेनंबरावरून ऊस कोणाचा हे कळते ना? तसेच येथे. कंपनी तुम्हाला मालाची एक खास लिंक देते. तीत तुमचा नंबर गुंफलेला असतो. त्या लिंकवरून जाऊन कोणी ठरलेल्या मुदतीत माल घेतला, की कमिशन तुमच्या खाती जमा. ॲमेझॉनच्या योजनेत ही मुदत साधारणपणे २४ तासांची आहे. माल परत गेला तर कमिशनही परत जाते.

म्हणजे माल दुसऱ्याचा, गोदाम दुसऱ्याचे, पोहोचवणारा दुसरा. तुमचे भांडवल कोणते? तुमचा शब्द. या पाठातली मुख्य गोष्ट हीच आहे. बाकी सगळे तिच्याभोवती फिरते.

२. थोडा इतिहास

ॲमेझॉन ही अमेरिकेतली कंपनी १९९५ साली इंटरनेटवरून पुस्तके विकू लागली. जुलै १९९६ मध्ये तिने आपली 'असोसिएट्स' योजना काढली. बागकामावर लिहिणाऱ्याने बागकामाचे पुस्तक सुचवावे, ते खपले तर त्याला वाटा मिळावा, अशी ती योजना. पुढे जगभरच्या दुकानांनी हीच पद्धत उचलली. भारतात फ्लिपकार्ट २००७ साली निघाली, ॲमेझॉनने २०१३ च्या जूनमध्ये आपले भारतीय दुकान उघडले, आणि ही पद्धत आपल्याकडेही रुजली.

शब्दाच्या भांडवलावर काय उभे राहू शकते, याचे एक उदाहरण पाहू या. ब्रायन लॅम नावाच्या अमेरिकन पत्रकाराने २०११ मध्ये 'वायरकटर' हे संकेतस्थळ सुरू केले. पद्धत साधी होती. एकाच जातीच्या अनेक वस्तू आणायच्या, त्या दिवसचे दिवस वापरून पाहायच्या, आणि शेवटी वाचकाला सरळ सांगायचे की बाबा, यातली ही घे. लिहिणे थोडे, पण पारखून. उत्पन्न मुख्यतः लिंकच्या कमिशनचे. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' या वृत्तपत्र कंपनीने हे संकेतस्थळ सुमारे ३ कोटी डॉलरला विकत घेतले. ना कारखाना, ना दुकान. विकला गेला तो वाचकांचा विश्वास. अर्थात तेथपर्यंत पोहोचायला पाच वर्षे लागली, पाच आठवडे नव्हे.

३. आता हिशेब करू

खालचे आकडे केवळ समजुतीसाठी धरलेले आहेत. प्रत्यक्ष दर मालागणिक व कंपनीगणिक वेगळे असतात.

समजा, बॅटरीचा फवारणी पंप ३,००० रुपयांचा आहे आणि कमिशन ५ टक्के. एका पंपामागे १५० रुपये. तुमचा व्हिडिओ १,००० लोकांनी पाहिला, ५० जणांनी लिंक उघडली, दोघांनी पंप घेतला. झाले ३०० रुपये. एकाने परत केला तर उरले १५०. आता महिन्याला १५,००० रुपये हवे असतील तर न परतणारे १०० पंप खपले पाहिजेत. हजारी दोन गिऱ्हाईक धरले तरी महिन्याला ५०,००० लोकांनी तुमचे म्हणणे पाहायला हवे. अशक्य नाही, पण पहिल्या महिन्यात होणारे कामही नव्हे.

पैसे हातात कधी येतात तेही पाहा. माल परत करण्याची मुदत टळेपर्यंत कंपनी थांबते. त्यामुळे ॲमेझॉनसारख्या योजनेत महिना संपल्यावर साधारण दोन महिन्यांनी रक्कम मिळते. तोवर घरखर्च यावर टाकू नये.

आणखी एक मोठा फरक आहे. उसाला एफआरपीचा आधार आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे. येथे असा किमान दर कोणी बांधून दिलेला नाही. एप्रिल २०२० मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेत आपले दर एकदम उतरवले : फर्निचरचे कमिशन ८ टक्क्यांवरून ३ टक्के, किराणा मालाचे ५ टक्क्यांवरून १ टक्का. ज्यांचा सगळा संसार त्या एकाच कमिशनवर होता, त्यांचे उत्पन्न एका फटक्यात निम्म्याखाली आले. यावरून धडा असा, की हा जोडधंदा म्हणून धरावा आणि एकाच कंपनीच्या दावणीला बांधून घेऊ नये.

४. सुरुवात कशी करावी?

(अ) एक विषय निवडा. जो तुम्ही हाताने केला आहे तोच. शेतीची लहान अवजारे, कडबाकुट्टी, ठिबकचे सुटे भाग, शिलाई मशीन, स्वयंपाकाची भांडी, स्पर्धा परीक्षेची पुस्तके, काहीही चालेल. "सगळंच विकतो" म्हणणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. पिकावरची औषधे मात्र टाळावीत. चुकीच्या सल्ल्याने दुसऱ्याचे रान जळाले तर त्याची भरपाई कमिशनातून होत नसते.

(आ) एक जागा निवडा. यूट्यूबचा चॅनेल किंवा मराठीतले साधे संकेतस्थळ. महाग कॅमेऱ्याची गरज नाही. आवाज स्वच्छ हवा, उजेड बरा हवा.

(इ) आधी काम, मग लिंक. पहिली दहा-पंधरा प्रकरणे निव्वळ उपयोगाची करा. पंपाची बॅटरी किती तास पुरते, नोझल का तुंबते, पाठीवरचा पट्टा कुठे तुटतो, दुरुस्ती कुठे होते, हे सांगा. मालाचा दोषही सांगा. दोष सांगणाऱ्याच्याच स्तुतीवर गिऱ्हाईक विश्वास ठेवते.

(ई) मग नोंदणी करा. पॅन कार्ड व बँक खाते लागते. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट यांसारख्या दुकानांच्या योजनेत नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. ॲमेझॉनच्या नियमाप्रमाणे नव्या खात्यावर १८० दिवसांत निदान तीन विक्री व्हाव्या लागतात, आणि स्वतःच्याच लिंकवरून स्वतः केलेली खरेदी धरली जात नाही. नियम वाचल्याशिवाय होकार देऊ नये.

(उ) वही घाला. कोणता व्हिडिओ, किती लोकांनी पाहिला, किती खपले, किती परत आले, याची नोंद ठेवा. कमिशनचे उत्पन्न हे शेतीउत्पन्न नव्हे, म्हणून शेतीची करमाफी त्याला नाही. कमिशन देणारी कंपनी कर कापूनही घेऊ शकते. या कपातीचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांवरून २ टक्के झाला. कापलेल्या कराचा हिशेब विवरणपत्रात दाखवावा.

५. अलीकडचे वारे

पहिले वारे व्हिडिओचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये यूट्यूबने फ्लिपकार्ट व मिंत्रा यांच्या जोडीने भारतात आपली खरेदीची कमिशन योजना आणली. पात्र चॅनेलवाल्याला व्हिडिओतच माल दाखवून खूण लावता येते.

दुसरे वारे यंत्रबुद्धीचे. गूगलने २०२४ साली, आधी अमेरिकेत व ऑगस्टपासून भारतात, प्रश्नाचे तयार उत्तर वरच देण्यास सुरुवात केली. वाचकाला खालची संकेतस्थळे उघडण्याची गरज कमी झाली. इकडून-तिकडून उचलून 'उत्तम दहा पंप' लिहिणाऱ्यांचे दिवस त्यामुळे कठीण आहेत. पण चिखलात उभे राहून पंप चालवून दाखवणे यंत्राला जमत नाही. खेड्यातल्या माणसाची बाजू येथे उलट जड आहे.

तिसरी गोष्ट, जागा आपली नसते. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि लाखो प्रेक्षक जमवलेल्यांचा मांड एका रात्रीत मोडला. म्हणून दोन ठिकाणी तरी उभे राहावे.

चौथी गोष्ट कायद्याची. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सूचना काढल्या. शिफारशीमागे पैसे, भेट किंवा कमिशन असेल तर ते प्रेक्षकाला सहज दिसेल, समजेल अशा भाषेत सांगितलेच पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या शिफारशीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. "या लिंकवरून घेतलंत तर मला थोडं कमिशन मिळतं, तुमची किंमत वाढत नाही," एवढे एक वाक्य पुरते. ते बोलायला लाजू नये. अडत्यासुद्धा अडत पट्टीवर लिहितोच.

६. खरे-खोटे कसे ओळखावे?

कसोटी एकच : पैसा कोणाकडून येतो?

माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडून येत असेल तर तो धंदा. नव्याने आत येणाऱ्याच्या प्रवेश फीमधून येत असेल तर ती साखळी. "आधी पाच हजारांचा कोर्स घ्या, मग हाच कोर्स आणखी दहा जणांना विका," असे कोणी सांगितले की समजावे, येथे पंपही नाही आणि फवारणीही नाही; पुढच्याच्या खिशातून मागच्याला द्यायचे आहे. साखळी तुटते तेव्हा शेवटी आलेले बुडतात. आणि गावात शेवटी आलेले म्हणजे आपलेच भाऊबंद असतात. अशा पैसे फिरवण्याच्या योजनांना १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. थेट विक्रीच्या कंपन्यांनाही डिसेंबर २०२१ च्या नियमांनी साखळी योजना चालविण्यास मनाई केली आहे.

दुसरा प्रकार 'टास्क'चा. व्हिडिओला पसंती द्या, दोनशे रुपये घ्या. मग अमुक रक्कम भरा, दुप्पट होईल. पहिले दोनशे हे गळाला लावलेले आमिष असते. फसगत झाली तर लाजेने गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची आशा जास्त.

"मग आमच्या पोराने करावं का?" असे कोणी विचारील. करावे. पण शिक्षण सोडून नको, कर्ज काढून नको, आणि जे स्वतः वापरले नाही ते चांगले आहे असे सांगून तर मुळीच नको. कमिशन एकदाच मिळते. गावात मात्र रोज तोंड दाखवायचे असते.

७. घरी करावयाचा अभ्यास

१) घरातल्या अशा पाच वस्तू लिहा, ज्यांचे गुण-दोष तुम्ही कोणालाही न अडखळता सांगू शकता.
२) त्यांपैकी एकीवर, दोन गुण व एक दोष सांगणारे, तीन मिनिटांचे बोलणे तयार करा व शेजाऱ्याला ऐकवा. तो काय प्रश्न विचारतो ते टिपून घ्या. तेच तुमच्या पुढच्या व्हिडिओचे विषय.
३) मोबाईलवर आलेली कमाईची एक जाहिरात घ्या आणि घरातल्या सर्वांसमोर विचारा : यातला पैसा नक्की कोणाच्या खिशातून येतो? उत्तर सापडले नाही तर त्या वाटेला जाऊ नये.