निसरड्या पायरीचं मेकॅनिक्स

इन्क्लाइन्ड प्लेनवरच्या ब्लॉकची गणितं आपण फर्स्ट इयरला सोडवतो आणि परीक्षा झाली की विसरतो. पण समुद्रात त्या ब्लॉकच्या जागी माणसाचा पाय असतो, आणि उत्तर चुकलं तर हाड मोडतं!

शिडाच्या बोटीत डेकवरून केबिनमध्ये उतरायला लाकडी पायऱ्या असतात. डेकवर सागवान असेल तर ते बहुधा उघडंच ठेवतात, म्हणून ओलं असतानाही पाय धरतं. पायऱ्या मात्र केबिनच्या फर्निचरमध्ये मोडतात, त्यामुळे त्यांना चकचकीत व्हार्निश! त्यावरून ओल्या बुटांनी उतरायचं, तेही बोट एका अंगाला कललेली असताना.

पृष्ठभाग जितका कलतो, त्या कोनाचा टॅन म्हणजे नुसतं उभं राहायला लागणारा किमान को-इफिशिएंट ऑफ फ्रिक्शन. बोट २० अंश कलली तर तो होतो ०.३६. चालताना त्याहून जास्त लागतो. व्हार्निश गुळगुळीत असल्यामुळे तळव्याखालच्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही. त्याचा पातळ थर मधे राहतो आणि वंगणाचं काम करतो. म्हणजे उपाय एकच: पाण्याला वाट द्या आणि तळव्याला टेकायला बारीक उंचवटे द्या.

त्याचे तीन मार्ग आहेत.

१) खरखरीत चिकटपट्टी: काम झटपट होतं. पण कालांतराने कडा सुटतात, खाली पाणी शिरतं आणि लाकूड काळं पडतं.

२) व्हार्निशमध्ये कण: बारीक वाळू, अॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा प्लॅस्टिकचे मणी. अॅल्युमिनियम ऑक्साइड टिकाऊ, पण अनवाणी पायाला आणि गुडघ्याला सोलून काढतं. पारदर्शक मणी सौम्य असतात आणि लाकडाच्या रेषाही दिसत राहतात.

३) साखर: हो, घरातलीच! ओल्या व्हार्निशवर भुरभुरवायची, व्हार्निश पक्कं वाळलं की कोमट पाण्याने धुवायची. साखर विरघळते, खळगे उरतात.

पद्धत अशी. जुनं व्हार्निश २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून धूळ पुसा. कडेने बोटभर जागा सोडून मास्किंग टेप लावा. कड चकचकीत राहिली तर पायरी सुबक दिसते. मात्र पायरीची पुढची धार सोडू नका, पाय घसरतो तो तिथेच. व्हार्निशचा एक हात द्या आणि मिठाच्या डबीने कण सारखे पसरा. वाळल्यावर सुटे कण झटका आणि वरून पातळ हात द्या. हा हात जाड झाला तर कण बुडतात आणि सगळी मेहनत वाया जाते! साखरेच्या पद्धतीत हा शेवटचा हात नको, खळगे भरून जातील. आणि एक आड एक पायरी रंगवा, नाहीतर काम संपल्यावर वर कसे येणार?

पायरीला हात लावण्याआधी फळीवर चाचणी घ्या. वर्कशॉपमध्येही जमेल. व्हार्निश केलेली फळी ओली करा, वाळूच्या पिशवीने भरलेला बूट तिच्यावर ठेवा आणि एक टोक हळूहळू उचला. बूट घसरला त्या क्षणी उचललेल्या टोकाची उंची भागिले जमिनीवरचं आडवं अंतर, हा झाला तुमचा को-इफिशिएंट. पाच वेळा करून सरासरी काढा. मग कण लावलेल्या फळीवर हेच करा. दोन्ही आकडे ०.३६ शी ताडून पाहा.

पायरी चांगली दिसते की नाही हे कोरड्यात ठरतं, चांगली आहे की नाही हे ओल्यात. तेव्हा चाचणी नेहमी ओल्यातच घ्या.