एका दिवसात वरळी

प्रश्न : आम्ही साताऱ्याहून दादरला मावशीकडे येतोय. एक दिवस वरळीसाठी आहे. मुलं आणि सासूबाई सोबत. काय पाहावं?

उत्तर : आधी भरती-ओहोटीची वेळ बघा. भरतीत हाजीअली दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते. सकाळी वरळी कोळीवाडा गाठा. गल्ल्या अरुंद, गाडी बाहेरच ठेवा. टोकाला छोटा किल्ला आहे. तिथून 2009 साली खुला झालेला सागरी सेतू झकास दिसतो. (सेतूवर पायी जाता येत नाही, दुचाकीही चालत नाही.) कोळीवाड्यात कोळणींचे फोटो विचारूनच काढा; ती त्यांची राहती वस्ती आहे. दुपार नेहरू विज्ञान केंद्रात. मुलं तिथून लवकर निघणार नाहीत, हे धरूनच चला. जवळचं नेहरू तारांगण सोमवारी बंद असतं. सासूबाईंसाठी संध्याकाळी सी-फेसचा कठडा उत्तम, पावसाळ्यातली भरती सोडून.