टायपिंगलाही, गेमलाही: कीबोर्डवर किती पैसे घालावेत?

मुलगी टंकलेखन परीक्षेच्या मराठी ३०ची तयारी करतेय, तिचा भाऊ रात्री तासभर व्हॅलोरंट खेळतो आणि वडील सोसायटीचा पत्रव्यवहार सांभाळतात. सिडको असो वा इंदिरानगर, नाशिकच्या कितीतरी घरांत ही सगळी कामं एकाच टेबलावर, एकाच कीबोर्डवर चालतात. अशा घराला थेट सल्ला हा: अडीच ते साडेतीन हजारांत दोन्ही कामं नीट करणारा मेकॅनिकल कीबोर्ड मिळतो. रोजचं टायपिंग तासाभराहून कमी असेल, तर सहाशे रुपयांचा साधा कीबोर्ड पुरेसा आहे. साडेतीन हजारांच्या पुढे जायचं ते आपली नेमकी गरज ठाऊक असेल तरच.

कोणत्या किमतीत काय मिळतं

खालचे आकडे साधारण आहेत. दुकान, मॉडेल आणि सणांच्या सवलती यांप्रमाणे ते मागेपुढे होतात.

- ४०० ते ८०० रुपये: साधा मेम्ब्रेन कीबोर्ड. बटणांखाली रबराचा पडदा असतो. आवाज कमी, वजन हलकं. डेल, लॉजिटेक, एचपी यांचे वायरवाले कीबोर्ड याच गटातले.
- ८०० ते १,५०० रुपये: ‘गेमिंग’ नावाचे, रंगीत दिव्यांचे कीबोर्ड. यातल्या बहुतेकांच्या आत रबराचाच पडदा असतो. नुसत्या दिव्यांसाठी जादा पैसे देऊ नका.
- २,००० ते ३,५०० रुपये: मेकॅनिकल. प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच आणि स्प्रिंग. रेडड्रॅगन, कॉस्मिक बाइट, अँट ईस्पोर्ट्स यांचे कीबोर्ड इथे येतात. टीव्हीएस गोल्डही याच किमतीतला. सरकारी कार्यालयं, बँका आणि टायपिंग करून देणारे यांच्याकडे तो वर्षानुवर्षं दिसतो.
- ६,००० ते १२,००० रुपये: कीक्रॉनसारखे वायरलेस मेकॅनिकल, किंवा मनगट सरळ राहावं म्हणून वळणदार आकार दिलेले कीबोर्ड. ज्यांचा सगळा दिवस टायपिंगमध्येच जातो, त्यांनी यांचा विचार करावा.

स्विच निवडताना

मेकॅनिकल स्विच ओळखले जातात रंगावरून. जर्मनीच्या चेरी कंपनीने रूढ केलेली ही पद्धत आता बहुतेक कंपन्या पाळतात. लाल स्विच सरळ खाली जातो आणि साधारण ४५ ग्रॅमच्या दाबाने चालतो. तपकिरी स्विच दाबताना मध्ये हलका अडथळा जाणवतो, त्याला साधारण ५५ ग्रॅम लागतात. निळा ‘टक्’ असा आवाज करतो, त्याला ६० ग्रॅमच्या आसपास दाब हवा.

मेकॅनिकल बटण एकूण ४ मिलिमीटर खाली जातं, पण अक्षर साधारण २ मिलिमीटरलाच उमटतं. म्हणजे प्रत्येक बटण तळापर्यंत आपटायची गरज नाही. हे अंगवळणी पडलं की तासन्‌तास टाइप करूनही बोटं कमी थकतात. मेकॅनिकलला जादा पैसे द्यायचे ते याचसाठी.

टायपिंग आणि गेम दोन्ही असेल तर तपकिरी घ्या. गेमच जास्त असेल तर लाल. निळ्याचा आवाज टायपिंगवाल्यांना आवडतो, पण रात्री शेजारच्या खोलीत कोणी झोपलं असेल तर तो नको. टीव्हीएस गोल्डही आवाज करणाराच आहे.

गेमसाठी एवढंच पाहा

खेळताना डब्ल्यू, ए, एस, डी यांबरोबर शिफ्ट, कंट्रोल आणि स्पेस एकदम दाबावे लागतात. स्वस्त कीबोर्ड अशा वेळी एखादं बटण गाळतात. ते दुकानातच तपासता येतं. नोटपॅड उघडा, दोन्ही शिफ्ट दाबून धरा आणि इंग्रजी मुळाक्षरं ए ते झेड टाइप करा. जी अक्षरं उमटत नाहीत, ती बटणं हा कीबोर्ड एकत्र पकडू शकत नाही. तुमच्या खेळातल्या बटणांची जुळणीही अशीच दाबून पाहा.

चुंबकाच्या आधारे चालणारे ‘हॉल इफेक्ट’ कीबोर्डही आता मिळू लागले आहेत. त्यांत बटण किती खाली गेल्यावर चालावं हे ठरवता येतं. स्पर्धेत उतरणाऱ्याला त्याचा फायदा होतो, घरच्या खेळाला तो लागतोच असं नाही. शिवाय कीबोर्डमधली प्रत्येक सोय प्रत्येक खेळात चालत नाही. एकमेकांविरुद्ध दिशांची बटणं आपोआप सांभाळणाऱ्या सोयीवर काउंटर-स्ट्राइक २ मध्ये ऑगस्ट २०२४ पासून बंदी आहे. तेवढ्यासाठी पैसे मोजण्याआधी आपल्या खेळाचे नियम पाहा.

मराठी टायपिंगचं गणित

लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचं प्रमाणपत्र मागतात. ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. तयारी करणाऱ्यांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, देवनागरी अक्षरं छापलेल्या कीबोर्डसाठी जास्त पैसे देऊ नका. अक्षरांची मांडणी संगणकात ठरते, बटणावरच्या छपाईत नाही. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की विंडोज आणि स्पेस एकत्र दाबून इंग्रजी-मराठी बदलता येतं. दुसरी, इनस्क्रिप्ट आणि रेमिंग्टन या मांडण्या पूर्ण वेगळ्या आहेत. तुमच्या परीक्षेत कोणती चालते हे इन्स्टिट्यूटमध्ये विचारून मगच सराव सुरू करा. तिसरी, परीक्षा केंद्रावर बहुधा साधाच कीबोर्ड समोर येतो. घरी मेकॅनिकल असला तरी शेवटचे दोन-तीन आठवडे साध्यावर सराव करा.

मनगट वाचवण्याचा स्वस्त उपाय

मनगट दुखतं तेव्हा दोष कीबोर्डचाच असतो असं नाही. आपली टेबलं साधारण ३० इंच उंच असतात. बुटक्या माणसाला ती उंच पडतात, खांदे वर चढतात. खुर्ची उंच करा आणि पायांखाली पाट ठेवा. कोपर काटकोनात आणि मनगट सरळ रेषेत हवं. कीबोर्डमागचे छोटे पाय मिटवून ठेवा, ते उघडले की मनगट वर वाकतं. याला एक रुपयाही लागत नाही. मेकॅनिकल कीबोर्ड उंच वाटला तर तीनशे ते सातशे रुपयांची मनगट-गादी घ्या, पण हात टेकवायचा तो टायपिंग थांबल्यावर.

आकड्यांची कामं नसतील तर उजवीकडचा नंबरपॅड नसलेला कीबोर्ड निवडा. माउस जवळ येतो, खांद्याला आराम मिळतो. वडिलांना हिशेब करायचे असतील तर मात्र पूर्ण आकाराचाच घ्या.

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांना रात्री मुंग्या येत असतील तर नवीन कीबोर्ड शोधत बसू नका. डॉक्टरांना दाखवा.

दुकानात आणि बिलावर

एम. जी. रोड किंवा कॅनडा कॉर्नरच्या बाजूला गेलात तर खोक्यावरची जाहिरात बाजूला ठेवा आणि उघडा नमुना मागा. उभ्याने दोन बटणं दाबून काही कळत नाही. खुर्चीवर बसून एक पूर्ण परिच्छेद टाइप करा. स्पेस आणि एंटर कडांना दाबून पाहा, अडकतात का ते बघा. स्विच काढून बदलता येतात का, हेही विचारा. येत असतील तर एखादा बिघडला तरी थोड्याच पैशांत घरीच बदलता येतो. नाहीतर डाग देऊन घ्यावा लागतो.

सांगितलेल्या किमतीत जीएसटी आहे का, हे आधी विचारा. कीबोर्डवर १८ टक्के कर आहे. ‘अडीच हजार अधिक कर’ म्हणजे २,९५० रुपये. मात्र खोक्यावरच्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यापेक्षा जास्त कोणी घेऊ शकत नाही. पक्कं बिल घ्या, वॉरंटीचा काळ त्यावर लिहून घ्या. ऑनलाइन किंमत कमी दिसली तर बिघडल्यावर वस्तू कुठे पाठवायची हे पाहून मग तुलना करा. तक्रार ऐकून घेतली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

सुरुवातीला सांगितलेल्या घराचा हिशेब असा: तपकिरी स्विचचा पूर्ण आकाराचा कीबोर्ड ३,००० रुपये, मनगट-गादी ४०० रुपये, परीक्षेच्या सरावाला साधा कीबोर्ड ६०० रुपये. एकूण ४,००० रुपये. साधा कीबोर्ड घरात आधीच असेल तर ३,४०० रुपयांत काम होतं.