डीएमए नियंत्रकांची विविधता आणि एकच ड्रायव्हर

संगणकाला जोडलेल्या उपकरणाशी व्यवहार करणाऱ्या आज्ञावलीस डिव्हाइस ड्रायव्हर म्हणतात. उपकरणाकडून आलेले प्रत्येक अक्षर प्रोसेसरने स्वतः उचलून स्मृतीत ठेवावे, ही या व्यवहाराची सर्वांत साधी रीत होय. तीत प्रोसेसरचा बराच वेळ खर्ची पडतो. म्हणून उपकरण व स्मृती यांच्यामधील ने-आण परस्पर करणारा एक स्वतंत्र घटक योजतात. तोच डीएमए नियंत्रक. अडचण अशी, की उपकरण तेच असले तरी नियंत्रक यंत्रागणिक बदलतो. मग जितके नियंत्रक तितके ड्रायव्हर लिहावेत काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका पाहू. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमध्ये इंटेलचा ८२३७ हा नियंत्रक होता. त्याला चार वाहिन्या होत्या आणि त्याचा पत्ता १६ बिटांचा होता. पत्त्याचा वरचा भाग एका वेगळ्या रजिस्टरमध्ये ठेवावा लागे व तो हस्तांतर चालू असताना बदलत नसे. परिणामी कोणतेही हस्तांतर ६४ किलोबाइटांची सीमा ओलांडू शकत नसे. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये दुसरा ८२३७ जोडला गेला. तरी १६ मेगाबाइटांपलीकडील स्मृती या नियंत्रकांच्या आवाक्याबाहेरच राहिली. त्या यंत्रांसाठी लिहिलेल्या ड्रायव्हरांत वाहिनीचा क्रमांक, सीमेचे बंधन आणि रजिस्टरांचे पत्ते हे सारे एकत्र गुंफलेले असे. असा ड्रायव्हर दुसऱ्या नियंत्रकावर चालणे शक्यच नव्हते.

यावरील उपाय म्हणजे दोन प्रकारच्या ज्ञानाची फारकत करणे. उपकरणाला काय हवे, हे ड्रायव्हरने जाणावे. ते कसे साधावे, हे नियंत्रकाच्या आज्ञावलीने जाणावे. लिनक्समध्ये २००६ साली दाखल झालेली डीएमए-इंजिन ही व्यवस्था आरंभी स्मृतीतून स्मृतीत नक्कल करण्यापुरती होती. पुढे ती उपकरणांसाठीही विस्तारली गेली, आणि तिच्यात हीच फारकत दिसते.

आता उदाहरण घेऊ. एआरएम कंपनीची पीएल०११ ही क्रमिक संपर्काची रचना अनेक चिपांत आढळते. एआरएमच्या व्हर्सटाइल फलकावर तिच्या जोडीला पीएल०८० हा नियंत्रक आहे. एसटी-एरिक्सनच्या चिपांत डीएमए४० नावाचा आहे. रास्पबेरी पायच्या मूळ चिपमध्ये ब्रॉडकॉमचा स्वतःचा आहे. तिच्या जुन्या आवृत्त्यांत आलेली अक्षरे साठवण्यास १६ जागा असतात. सेकंदाला १,१५,२०० बिटांचा वेग व प्रत्येक अक्षरास १० बिट धरले, तर ही साठवण सुमारे १.४ मिलिसेकंदांत भरते. तेवढ्यात ती रिकामी झाली नाही, तर पुढील अक्षरे गमावली जातात.

हा ड्रायव्हर नियंत्रकाचे नाव विचारीत नाही. वाहिनी कोणती, हे यंत्राच्या वर्णनपत्रकात नमूद असते. ड्रायव्हर वाहिनी मागतो. अक्षरे कोणत्या पत्त्यावरून घ्यावीत, एका वेळी किती रुंदीची व किती संख्येने घ्यावीत, हे सांगतो. कामाचा मसुदा तयार करून घेतो. तो रांगेत लावतो. आणि शेवटी काम सुरू करण्याची सूचना देतो. वाहिनी मिळालीच नाही, तर प्रोसेसरकरवी अक्षरे उचलण्याची जुनी रीत तो पत्करतो.

येथवर सर्व सरळ आहे. खरी कसोटी अक्षरे घेताना लागते, कारण पाठवणारा किती अक्षरे पाठवील, हे आधी ठाऊक नसते. समजा, ४,०९६ बाइटांची जागा नियंत्रकाच्या स्वाधीन केली आणि १०० अक्षरे येऊन प्रवाह थांबला. काही काळ नवे अक्षर आले नाही, की पीएल०११ तसा संकेत देते. मग ड्रायव्हर नियंत्रकाला थांबवून विचारतो, ‘शिल्लक किती?’ उत्तर ३,९९६ आले, तर १०० अक्षरे पोचली, असा हिशेब लागतो. परंतु काही नियंत्रकांची आज्ञावली संपूर्ण काम आटोपेपर्यंत शिल्लक ४,०९६ असेच सांगते. त्या उत्तरावर विसंबल्यास आलेली अक्षरे स्मृतीत असूनही नाहीशी ठरतात.

म्हणून लिनक्समध्ये नियंत्रकाने आपण शिल्लक किती बारकाईने सांगू शकतो, हेही जाहीर करावे, अशी सोय आहे. ती केवळ संपूर्ण कामापुरती सांगता येते असे आढळल्यास पीएल०११ चा ड्रायव्हर अक्षरे घेण्यासाठी डीएमए वापरीत नाही. पाठवण्यासाठी मात्र वापरतो. पाठवताना एकूण संख्या आधीच ठाऊक असल्यामुळे तेथे हा प्रश्न उद्भवत नाही.

यावरून निघणारा बोध स्पष्ट आहे. सर्व नियंत्रक सारखेच आहेत असे मानून लिहिलेला ड्रायव्हर चाचणीत चालेल आणि दुसऱ्या यंत्रावर मुकाट्याने अक्षरे गाळील. विविध नियंत्रकांवर चालणे याचा अर्थ त्यांच्यातील भेद झाकणे नव्हे. जो भेद निकालावर परिणाम करतो, तो विचारून घेणे आणि प्रतिकूल उत्तर आल्यास धिमी परंतु खात्रीची वाट धरणे, असा आहे.