समुद्राच्या पोटातली मोजमापे

प्रश्न : उपग्रह असताना समुद्रात यंत्रमानव कशाला? नागपूरकरांना त्याचे काय? – एक वाचक, नागपूर

उत्तर : उपग्रहाला पाण्याचा पृष्ठभागच दिसतो, खालचे तापमान, क्षारता नाही. आर्गो नावाचे मोजमाप करणारे तरंगक 2000 मीटरपर्यंत उतरतात, पण उथळ किनाऱ्याजवळ फारसे कामाचे नाहीत. तिथे ग्लायडर, म्हणजे पाण्याखाली फिरणारे यंत्रमानव, लागतात. 2016 च्या पावसाळ्यात ‘सिंधु साधना’ जहाजावरून बंगालच्या उपसागरात ते सोडले होते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तर ‘माया’ हे स्वयंचलित पाणबुडं स्वतःच घडवलं.

मोजलेला आकडा हवामान अंदाजाच्या संगणकीय प्रारूपात जसाच्या तसा कोंबत नाहीत. प्रारूपाची आणि यंत्राची, दोघांचीही चूक तोलून अंदाज सुधारतात. खरी कसोटी इथेच. आणि नागपूरकरांचे म्हणाल, तर विदर्भावर बरसणारे कमी दाबाचे पट्टे बहुधा त्याच उपसागरातून येतात.