आरशासमोर बसलेला चित्रकार काय शोधतो?

प्रश्न : चित्रकलेचं कुठलंही पुस्तक उघडावं तर चित्रकारांनी स्वतःचेच चेहरे रंगवलेले दिसतात, काहींनी तर पुन्हा पुन्हा. हे आत्मप्रेम समजायचं का? आणि आपण कोण आहोत हे चित्रकाराला आधीच ठाऊक असतं, तो ते फक्त कॅनव्हासवर उतरवतो, असं असतं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : एक कारण अगदी व्यवहारातलं आहे. मॉडेलला पैसे द्यावे लागतात, तो ठरावीक वेळच बसतो. आरशातला माणूस कधीही, कितीही वेळ समोर असतो. शिकाऊ चित्रकाराला चेहऱ्याचा अभ्यास करायला याहून सोयीचं काही नाही.

तुमचा दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो, आणि त्याचं माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पुष्कळदा चित्रकाराला आपण कोण हे माहीत नसतं, म्हणूनच तो रंगवायला बसतो. अमृता शेरगिलचं उदाहरण घेऊ.

अमृताचा जन्म 1913 चा, बुडापेस्टमधला. आई हंगेरियन, ऑपेरा गाणारी. वडील उमरावसिंग पंजाबातल्या मजिठिया घराण्यातले शीख सरदार. बालपण हंगेरीत, मग सिमल्यात, आणि सोळाव्या वर्षी चित्रकला शिकायला पॅरिस. उमरावसिंगांना फोटोग्राफीचा नाद होता आणि ते स्वतःचे फोटोही सतत काढत. म्हणजे माणूस स्वतःकडे निरखून बघतो, नाना तऱ्हांनी बसून-उभा राहून बघतो, हे या मुलीने घरातच पाहिलं होतं.

तिची बहुतेक आत्मचित्रं पॅरिसच्या वर्षांतली आहेत. ती एकामागून एक पाहिली की एकच बाई त्यांत आहे यावर विश्वास बसत नाही. कधी ती खळखळून हसणारी युरोपीय तरुणी असते, कधी गंभीर, आत वळलेली. पोशाख बदलतो, त्वचेचा रंगसुद्धा कमी-जास्त सावळा होतो. यांतली खरी अमृता कोणती, असं मी विचारणार नाही. ती एकेक शक्यता अंगावर घालून बघते आहे.

1934 सालचं ‘ताहितीच्या स्त्रीच्या रूपातील आत्मचित्र’ हे या शोधातलं सगळ्यात धीट चित्र. पॉल गोगँ या फ्रेंच चित्रकाराने ताहिती बेटावरच्या स्त्रिया रंगवल्या होत्या. युरोपच्या डोळ्यांना हवी असलेली दूरदेशीची, उघड्या अंगाची, गूढ बाई त्या चित्रांतून घरोघर पोचली. अमृता पॅरिसमध्येच बसून त्या बाईच्या जागी स्वतःला उभं करते. कमरेच्या वर वस्त्र नाही, हात पुढे एकमेकांवर, नजर आपल्याकडे न वळता बाजूला. मागे एका पुरुषाची सावली. ताहितीशी तिचा काही संबंध नव्हता. पण पॅरिसमध्ये ‘पूर्वेकडची बाई’ म्हणून आपल्याकडे कसं पाहिलं जातं, हे तिला चांगलं ठाऊक असणार. गोगँच्या चित्रात बघणारा एक होता आणि बघितली जाणारी दुसरी. इथे दोघी एकच आहेत आणि कुंचला तिच्या हातात आहे. एकवीस वर्षांच्या मुलीने हे करावं याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

त्याच वर्षाच्या अखेरीस ती भारतात परतली, आणि स्वतःचा चेहरा रंगवणं जवळजवळ थांबलं. 1935 च्या ‘तीन मुली’ या चित्रात तिघी शेजारी शेजारी बसल्या आहेत, कुणीच कुणाकडे बघत नाही. याच चित्राला पुढे बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. 1936 च्या शेवटी मुंबईत प्रदर्शन करून ती अजिंठ्याला गेली, वेरूळलाही गेली, आणि तिथून दक्षिणेत. अजिंठ्याच्या भिंतींनी तिला हलवून सोडलं. परतल्यावर, 1937 मध्ये, ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘बाजाराला निघालेले दक्षिणी खेडूत’ ही तीन चित्रं झाली: सपाट आकार, तांबूस-तपकिरी अंगं, संथ बसलेली-उभी माणसं. या चित्रांत तिचा चेहरा कुठेही नाही, तरी मला ती पॅरिसच्या कुठल्याही आत्मचित्रापेक्षा जास्त तिची वाटतात. पॅरिसमध्ये शिकलेला हात आणि अजिंठ्याने बदललेली नजर एकाच ठिकाणी भेटतात ती इथे. 1941 मध्ये लाहोरला तिचा मृत्यू झाला तेव्हा ती अवघी अठ्ठावीस वर्षांची होती.

याच्या नेमका उलटा प्रवास भूपेन खक्कर यांचा. ते मुंबईचे, जन्म 1934 चा, शिक्षणाने चार्टर्ड अकाउंटंट. बडोद्याला गेल्यावरही हिशेबनिशी करत करत चित्रं काढली. सत्तरच्या दशकात त्यांनी घड्याळजी, शिंपी, न्हावी रंगवले. अशा साध्या दुकानदारांना कलेत प्रतिष्ठेची जागा नव्हती. ती त्यांनी दिली. स्वतः मात्र ते आडच राहिले. मग 1981 मध्ये ‘सगळ्यांना खूश करता येत नाही’ हे मोठं चित्र आलं. सज्जात एक विवस्त्र माणूस उभा आहे आणि खाली बाप, मुलगा नि गाढव यांची, आपण शाळेपासून ऐकलेली गोष्ट घडते आहे: लोक काहीही केलं तरी नावं ठेवतात. सज्जातला माणूस म्हणजे खुद्द खक्कर. आपण समलिंगी आहोत हे त्यांनी या चित्रातून उघड मान्य केलं. त्या वेळी भारतात असे संबंध गुन्हा होते. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरता तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला 2018 मध्ये. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, शेजारपाजाऱ्यांच्या शहरात राहून, हे चित्र लोकांसमोर ठेवायला काय लागलं असेल, याचा विचार करून बघा. आज ते लंडनच्या टेट संग्रहात आहे.

तेव्हा आत्मप्रेमाचा संशय मी दोघांवरही घेणार नाही. स्वतःच्या प्रेमात पडलेला माणूस एकाच, आवडत्या बाजूने स्वतःला दाखवत राहतो. अमृता दर वेळी बदलते, आणि खक्कर अंगावरचं शेवटचं आवरणही काढून ठेवतात.

दिल्लीला जाणं झालं तर जयपूर हाउसमधल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात अमृताच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. भिंतीवर जी लावलेली असतील त्यांत आधी पॅरिसची शोधा, मग भारतात आल्यानंतरची. दोन्हींच्या मध्ये जमलं तर एकदा अजिंठ्याला जाऊन या.