दुर्बिणीतला दुसरा आकडा

स्पर्धात्मक गोल्फमध्ये साधनांविषयीचे नियम खेळाडूच्या हेतूकडे पाहत नाहीत, आणि गोंदियासारख्या जिल्ह्यातून, जिथे नियम समजावून सांगणारा जाणता सोबती सहसा शेजारी नसतो, बाहेरच्या स्पर्धेला निघणाऱ्या नवख्याने हीच गोष्ट सर्वांत आधी मनाशी पक्की केली पाहिजे. जगभर मानले जाणारे हे नियम आर अँड ए आणि यूएसजीए या दोन संस्था मिळून ठरवतात. त्यांनुसार एका फेरीत खेळाडूजवळ जास्तीत जास्त १४ क्लब, म्हणजे चेंडू मारण्याच्या काठ्या, असू शकतात. पंधरावा क्लब पिशवीतून बाहेर निघाला नाही, तरी तो जवळ असणे हाच भंग ठरतो आणि फटक्यांच्या मोजणीवर चालणाऱ्या स्पर्धेत भंग झालेल्या प्रत्येक होलमागे दोन, पण एका फेरीत अधिकाधिक चार, फटक्यांचा दंड बसतो. २००१ च्या ओपन स्पर्धेत, रॉयल लिदमच्या मैदानावर, अखेरच्या दिवशी संयुक्त आघाडीवर असलेल्या इयान वूझनमच्या पिशवीत दुसऱ्या होलच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागी, ड्रायव्हर नावाचा जादा क्लब सापडला आणि दोन फटके गेले.

अंतर मोजणाऱ्या यंत्रांचा नियम याहून नाजूक आहे. २०१९ पासून लेझर दुर्बिणीने अंतर पाहण्यास मुभा आहे, मात्र जमिनीचा चढउतार मोजणे निषिद्ध असून अनेक दुर्बिणींत ही सोय एका छोट्या कळीने चालू-बंद होते. प्रस्तुत लेखकाने आपली दुर्बीण सरावात वापरून तशीच पिशवीत टाकली होती. विदर्भातल्या एका हौशी स्पर्धेत, उंचावर ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची हिरवळ, असलेल्या तिसऱ्या होलवर ती त्या दिवशी पहिल्यांदाच डोळ्याला लावली, तेव्हा भिंगात १४८ आणि त्याखाली बारीक अक्षरांत १५५ असे दोन आकडे उमटले. खालचा आकडा चढ जमेस धरून काढलेला होता, आणि तो एकदा दिसल्यावर न पाहिल्यासारखे करणे शक्य नव्हते. पंचांना सांगितल्यावर दोन फटक्यांचा दंड झाला; यंत्रांच्या नियमाचा वेगळा, दुसरा भंग त्याच फेरीत झाला असता तर थेट अपात्रता आली असती. दंडाहून अधिक खुपले ते हे की, सोबतच्या खेळाडूला जी माहिती मिळू शकत नव्हती ती लेखकाला मिळाली होती.

ही शिस्त गोंदियाकरांना परकी नसावी. झाडीपट्टीत शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, म्हटला की गर्दी आपसूक जमते, आणि २०१७ च्या राज्य कायद्याने व नियमांनी, ज्या कायद्याची वैधता सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी मान्य केली, तिथेही जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याला तुतारी, म्हणजे बैलांना टोचण्याची काठी, वर्ज्य झाली. जोडी पळते ती तिच्या स्वतःच्या बळावर. चढाचे उत्तर खेळाडूने आपल्या नजरेनेच काढावे, या गोल्फच्या आग्रहामागेही असाच विचार आहे.

म्हणून क्लबांची मोजणी आदल्या रात्री घरी आणि पुन्हा टीवर करावी, विशेषतः पिशवी घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हाताखालून गेली असेल तर. स्पर्धेचे स्थानिक नियम छापलेला कागद टीवर जाण्याआधी वाचावा, कारण काही आयोजक अंतरमापक यंत्रांवर पूर्ण बंदी घालतात आणि काही मान्यताप्राप्त यादीतलाच चेंडू मागतात. मोबाइलवर हवामानाचा अंदाज पाहता येतो, पण मैदानावर वाऱ्याचा वेग यंत्राने मोजता येत नाही, आणि लक्ष विचलित होऊ नये म्हणून कानात संगीत लावणेही चालत नाही. घरी निरुपद्रवी वाटणाऱ्या या सवयी टीवर पोचेपर्यंत सुटलेल्या असाव्यात. शंका आली तर फटका मारण्यापूर्वीच पंचांना विचारावे, त्यात कमीपणा नाही.

लेखकाच्या दुर्बिणीची ती कळ आता बंद करून पांढऱ्या चिकटपट्टीने झाकलेली असते, आणि पहिल्या टीवर मार्करला, म्हणजे गुणांची नोंद ठेवणाऱ्या सहखेळाडूला, ती पट्टी दाखवल्यावरच दुर्बीण खिशात जाते.